भुरी आणि केवडा : एक नांव, दोन कुळें

द्राक्षाच्या पानावर पांढरें कांहीं दिसलें कीं 'बुरशी आली' असें म्हणून हातीं लागेल तें औषध फवारण्याची रीत आपल्यांत रूढ आहे. ही रीत आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि त्या मतास रसायनशास्त्राचा आधार आहे.

बुरशीच्या प्रत्येक तंतूभोंवतीं भित्तिका असते. खऱ्या बुरशीची भित्तिका मुख्यतः कायटिन व ग्लुकन या द्रव्यांची असते. कीटकांच्या कवचांत असतें तेंच हें कायटिन. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८११ सालीं तें प्रथम अळिंब्यांत ओळखलें. पुढें १९६८ सालीं कॅलिफोर्नियांतील सालोमोन बार्तनिकी-गार्सिया यांनीं भित्तिकेंतील प्रमुख द्रव्यांच्या जोड्या पाहून बुरशांचे आठ गट पाडले. भित्तिकेचें रसायन हें कुळाची खूण आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें.

या कसोटीवर आपले दोन शत्रू घासून पाहावे. भुरीच्या भित्तिकेंत कायटिन आहे. ती खरी बुरशी होय. केवड्याची भित्तिका मात्र ग्लुकन व सेल्युलोज यांची. सेल्युलोज म्हणजे ज्याचा कापूस बनतो तें द्रव्य. रूप बुरशीचें, परंतु कूळ निराळें.

एकाच खुणेवरून कूळ ठरवूं नये, असा आक्षेप कोणी घेईल, व तो रास्तच आहे. केवड्याच्या गोत्रांतील पाण्यांत राहणाऱ्या कांहीं जातींत अल्पसें कायटिनही सांपडतें. परंतु पुढें जनुकांच्या तपासणीनेंही तोच निर्णय दिला : केवडा हा बुरशीपेक्षां समुद्रांतील तपकिरी शेवाळास अधिक जवळचा. बाजरीवरील गोसावी आणि बटाट्या-टोमॅटोवरील उशिरा येणारा करपा हेही त्याचेच भाऊबंद.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. डायमेथोमॉर्फ हें औषध केवड्याची सेल्युलोजची भिंतच बांधूं देत नाहीं. भुरीवर तें व्यर्थ. मेटॅलॅक्झिल केवडा, गोसावी व उशिराचा करपा या तिघांवरही चालतें, कारण तिघे एका गोत्राचे. भुरीवर त्याचा उपयोग नाहीं. उलट गंधक भुरीस आवरतें, केवड्यास नाहीं. चुकीच्या फवारणींत पैसा जातो, हें तर खरेंच; परंतु तेवढ्या अवधींत रोग घडांपर्यंत पोहोंचतो, ही हानि त्याहून मोठी.

यास्तव आमची सूचना अशी. ऑक्टोबर छाटणीपूर्वीं आपल्या मंडळानें प्रत्येक गांवीं एक तक्ता लावावा. त्यांत रोग पिकांप्रमाणें न मांडतां कुळांप्रमाणें मांडावे व प्रत्येक कुळासमोर त्याचें औषध लिहावें. बागायतदारांनींही पान उलटून पाहिल्यावांचून दुकानाची पायरी चढूं नये. वरच्या बाजूस तेलकट पिवळा डाग व त्याखालीं पांढरी लव असेल तर तो केवडा. पानावर राखेसारखी भुकटी असेल तर ती भुरी. शत्रूचें कूळ ओळखल्यावरच शस्त्र उचलावें, यांतच आपलें हित आहे.