चिपच्या नेहमीच्या कारखान्यात क्वांटम कॉम्प्युटर बनेल का?

क्वांटम कॉम्प्युटरच्या शर्यतीत जुनंच सिलिकॉन पुन्हा चर्चेत आलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाची डिराक कंपनी आणि बेल्जियमची आयमेक संस्था यांचं संशोधन 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. चिप-उद्योगाच्या नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या त्यांच्या क्युबिट्सनी ९९ टक्क्यांहून जास्त अचूकता गाठली.

हा क्युबिट म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रॉनला 'स्पिन' असतो. त्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. चुंबकाची दिशा वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. क्वांटम नियमांमुळे या दोन्हींचं मिश्रणही शक्य होतं. असा एकच इलेक्ट्रॉन नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या छोट्या जागेत, म्हणजे 'क्वांटम डॉट'मध्ये, अडकवून गणित करायची कल्पना डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेंझो यांनी १९९८ मध्ये मांडली.

मग इतकी वर्षं का लागली?

सुरुवातीचे बरेच प्रयोग गॅलियम आर्सेनाइडमध्ये झाले. त्यातल्या प्रत्येक अणुकेंद्रकाला स्वतःचा स्पिन असतो. या गोंगाटात इलेक्ट्रॉनची अवस्था पटकन बिघडते. नैसर्गिक सिलिकॉनमध्ये असे अणू ५ टक्क्यांहून कमी असतात. शुद्ध सिलिकॉन-२८ वापरलं, तर गोंगाट जवळपास थांबतो. २०२२ मध्ये नेदरलँड्स, जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांनी ९९ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. आता तो कारखान्याच्या पद्धतीनेही गाठता येतो, हे दिसलंय.

म्हणजे क्वांटम कॉम्प्युटर आलाच का?

अजून नाही. ९९ टक्के म्हणजे शंभर क्रियांमागे एखादी चूक. चुका सुधारायला जादा क्युबिट लागतात आणि उपयुक्त यंत्रासाठी ते लाखोंच्या घरात जाऊ शकतात. सिलिकॉनमध्ये सध्या मोजकेच क्युबिट एकत्र चालवता येतात. गूगल आणि आयबीएमच्या सुपरकंडक्टिंग चिपवर मात्र शंभराहून जास्त आहेत. सिलिकॉनची खरी ताकद आकारात आहे: क्युबिट अतिशय छोटे आणि ते बनवणारे कारखाने आधीच उभे.

भारतासाठी याचा अर्थ काय?

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिट्सचं आहे. पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा आणि मुंबईच्या टीआयएफआरने २०२४ मध्ये ६ क्युबिट्सचा प्रोसेसर तपासला, तो सुपरकंडक्टिंग प्रकारचा. चिप कारखान्यांसाठी वेगळं सेमीकंडक्टर मिशन आहे. उद्या सिलिकॉनने बाजी मारली, तर कारखाना आणि प्रयोगशाळा एकत्र काम करणारे देश पुढे असतील. म्हणून या दोन मिशनमधलं अंतर किती लवकर कमी होतं, याकडे लक्ष ठेवायला हवं.