बोल्शॉयची उंची मोजायची कशी?

मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेचे तंत्र आजही थक्क करणारे आहे. ‘स्वान लेक’मधील हंसकन्यांची रांग एका श्वासात हलते, पुरुष नर्तकांच्या झेपेचा दरारा टिकून आहे. २०१६ साली बॅलेची धुरा हाती घेतलेल्या माखार वाझीएव्ह यांच्या शिस्तीला त्याचे श्रेय द्यावेच लागेल. मात्र नृत्यसंचाची कलात्मक उंची पायांच्या तयारीइतकीच तो काय नाचतो आणि काय टाळतो, यावरही ठरते.

घसरण दिसते ती इथे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच, नव्या बॅलेच्या तालमी घेणारे माजी संचालक अलेक्सी रातमान्स्की काम अर्धवट सोडून मॉस्कोबाहेर पडले. पाठोपाठ आघाडीच्या नर्तिका ओल्गा स्मिर्नोव्हा अॅमस्टरडॅमला गेल्या. २०१७ साली गाजलेले ‘नुरेयेव्ह’ हे नृत्यनाट्य समलैंगिकतेविषयीच्या नव्या कायद्यामुळे २०२३ मध्ये वगळण्यात आले. (तेव्हा महासंचालकपदी व्लादिमिर उरिन होते, सारे खापर नंतरच्या नेतृत्वावर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे.)

डिसेंबर २०२३ मध्ये उरिन यांच्या जागी पुतिन यांचे निकटवर्ती समजले जाणारे व्हॅलेरी गेर्गिएव्ह आले. सेंट पीटर्सबर्गचे मारिन्स्की थिएटर आधीपासूनच त्यांच्याकडे होते. ज्या दोन संस्थांच्या चुरशीवर रशियन बॅले पोसला, त्यांची सूत्रे अशी एका हाती एकवटली. शिवाय लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने बोल्शॉयचा २०२२ चा उन्हाळी दौरा रद्द केला, तेव्हापासून पाश्चात्त्य प्रेक्षकांची कसोटीही दुरावली आहे.