खेळांचें पान : कलकत्त्याचा चषक

सावित्रीच्या कांठीं हुतुतू खेळलेल्या महाडकर वाचकांस रग्बीचा खेळ अगदींच परका वाटूं नये. दम धरण्याऐवजीं चेंडू उराशीं धरावयाचा आणि प्रतिपक्षानें पायांस मिठी घालण्यापूर्वीं पलीकडची हद्द गांठावयाची. चेंडू मात्र वाटोळा नव्हे, लांबट. त्यामुळें तो कोठें उसळेल याचा नेम नसतो.

या खेळांतील एक मानाचा चषक आपल्याच देशांतला आहे. कलकत्त्यास गोऱ्या लोकांनीं १८७३ सालीं रग्बीचा क्लब काढिला. तो १८७८ सालीं मोडला, तेव्हां शिलकेचे चांदीचे रुपये आटवून त्यांनीं हा चषक घडविला. त्यास तीन नागांच्या मुठी, झांकणावर हत्ती. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे राष्ट्रीय संघ १८७९ पासून त्यासाठीं झुंजत आले आहेत. रुपये येथले, घडणावळ येथली, आणि येथला मनुष्य मात्र मैदानाबाहेर उभा ! मुंबईच्या गोऱ्यांच्या जिमखान्यांतही तेव्हां तीच तऱ्हा. दारें बंद ठेविल्यानें काय हरवतें, हें चवदार तळ्याच्या गांवीं आम्हीं विस्तारानें सांगावयास नको.

भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ सालीं. आमच्या मतें खरी अभिमानाची गोष्ट त्यापुढची, आणि ती मुलींची. त्यांचा पंधरा जणींचा संघ २०१८ सालीं प्रथम मैदानांत उतरला व हरला. दुसऱ्याच वर्षीं मनिला येथें सिंगापूरविरुद्ध तो एका गुणानें मागें होता. सामना संपत आला असतां ओडिशाच्या सुमित्रा नायक हिनें चेंडू खांबांमधून पार केला. २१ विरुद्ध १९ !