फसलेल्याला बोल लावू नका

‘एवढे शिकलेले, तरी फसलेच कसे?’ खोट्या ईमेलमुळे कुणाचे पैसे गेले की हा प्रश्न ठरलेला. लोभी किंवा अडाणी माणूसच फसतो, हे त्यामागचे गृहीतक. ते चूक आहे आणि घातकही.

२०१३ ते २०१५ या काळात लिथुएनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. या दोन्ही कंपन्या तैवानच्या क्वांटाकडून खरोखरच सामान घेत होत्या. रिमासाउस्कासने क्वांटाच्याच नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली, ईमेलने बिले धाडली आणि ती चुकतीही झाली. यात लोभ कुठे आला? नाव ओळखीचे होते, काम रोजचे होते. फिशिंग, म्हणजे ओळखीच्या नावाने खोटा संदेश धाडून फसवणे, चालते ते यावरच.

खोटी मेल चुकीच्या भाषेवरून ओळखू येते, हेही आता खरे नाही. एआयकडून निर्दोष इंग्रजीच काय, मराठीही लिहून मिळते. आणि दुवा उघडल्यावर साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप? वाटेत मजकूर कुणी वाचू शकत नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे चोर बसला असेल तर ते काय करणार!

पाहायचा तो पत्ता, आणि तोही शेवटाकडून. जुलैत विवरणपत्रांच्या धांदलीत ‘तुमचा परतावा मंजूर’ अशी मेल येते. दुव्यात ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ दिसले की जीव भांड्यात पडतो. पण पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधी, त्याला जोडून पुढे आणखी टिंब आणि दुसरेच नाव असेल, तर ती साइट त्या शेवटच्या नावाच्या मालकाची. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर हे शेपूट अनेकदा दिसतच नाही. म्हणून दुवा दाबूच नये. पत्ता स्वतः टाइप करून आत जावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत फक्त बँकांनाच मिळणाऱ्या ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यांवर जायला सांगितले, ते योग्यच झाले. सगळी राखण ग्राहकाच्या डोळ्यांवर सोपवून कसे चालेल?

बोल लावण्याने खरे नुकसान पुढे होते. माणूस शरमेने गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पसार होतात. ते वाटेत गोठवता येतात, पण तक्रार वेळेत झाली तरच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमांनुसार चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते. तेव्हा घरात कुणी फसले, तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा, बँकेला कळवा. जाब विचारत बसू नका.