शेजाऱ्याचे चित्र

संध्याकाळच्या कसारा गाडीत, टिटवाळा मागे पडून खडवली येईपर्यंत, बाजारभावावरून बोलणे निघाले की ‘गुजराती माणूस पैशापलीकडे पाहत नाही’ हा निकाल बहुधा ठरलेला असतो. मुंबईच्या गुजराती पेढ्यांवर मराठी गड्याला ‘घाटी’ म्हणून हिणविण्याची रीतही काही नवी नाही. दोन्ही पक्षांना आपले मत म्हणजे अनुभवाचे सार वाटते. तो अनुभव किती अरुंद आहे, याचा विचार मात्र होत नाही.

या दोन समाजांची मुंबईत गाठ पडली ती मुख्यतः बाजारात व गिरणीत. एकाजवळ भांडवल होते. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या दुसऱ्याजवळ केवळ अंगमेहनत. ही श्रमविभागणी होती. तिलाच आपण स्वभाव समजून बसलो. अहमदाबादेत १९१८ साली गांधीजींच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला. तेथे मालक गुजराती आणि कामगारही बहुतांशी गुजरातीच. मग ‘गुजराती स्वभाव’ कोणाच्या बाजूला धरावयाचा?

गुजरातच्या स्मृतीतील मराठा हा घोड्यावरचा आहे. १६६४ आणि १६७० ची सुरतेची लूट आपल्या पाठ्यपुस्तकांत पराक्रम म्हणून येते; सुरतेच्या व्यापाऱ्याने तिची नोंद निराळ्या खात्यात केली, यात नवल ते काय! पुढे गायकवाडांचे चौथाई वसूल करणारे स्वार आले. परंतु त्याच घराण्यातील सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि त्या शाळांत बसली ती प्रामुख्याने गुजराती मुले. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर तर गुजराती गद्याचे असे मानकरी ठरले की, गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले.

अर्थात, आजच्या कटुतेचे मूळ इतके दूर नाही. ते १९५६ मध्ये आहे. त्या जानेवारीत मुंबईत झालेला गोळीबार आणि मोरारजी देसाई यांचे नाव मराठी मनात कायमचे जोडले गेले, व मोरारजींच्या आडून सारा गुजराती समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मात्र त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर, द्विभाषिकाला विरोध करणाऱ्या गुजराती विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस त्याच मुंबई सरकारचे आणि मुख्यमंत्रीही तेच. द्विभाषिक राज्य ना आपणांस हवे होते, ना इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेस. एकाच राजवटीने दोन्हीकडची मुले मारली, आणि आपण तिचा हिशेब परस्परांच्या नावे लिहून ठेवला.

अहमदाबादेतील त्या मृत तरुणांच्या स्मारकासाठी १९५८ मध्ये ‘खांभी सत्याग्रह’ करावा लागला. हुतात्मा चौकाची माहिती तत्परतेने सांगणाऱ्या माझ्या वर्गात या सत्याग्रहाविषयी मी एकदा विचारले. एकही हात वर झाला नाही. शेजारच्या खोलीतील प्राध्यापकांनाही विचारून पाहिले.