शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य कोणाचे?

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन कौल दिले. अध्यक्षपदासाठी त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या पारड्यात सुमारे ६५ टक्के मते टाकली. आणि सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वळविण्याची मुभा विधिमंडळाला देणारी, ट्रम्प यांच्याच पक्षाने पुढे आणलेली घटनादुरुस्ती तितक्याच मोठ्या बहुमताने फेटाळून लावली. राज्याच्या १२० परगण्यांपैकी एकानेही ती स्वीकारली नाही. उजवीकडे झुकलेल्या जनतेचा हा निर्णय पुरोगामी कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण तो कोणत्याही जाहीरनाम्यातून आलेला नव्हता. केंटकीच्या डोंगराळ ग्रामीण मुलखात कित्येक ठिकाणी खासगी शाळाच नाही. गावकऱ्यांना नोकरी देणारी मोठी संस्था तेथे बहुधा सार्वजनिक शाळाच असते. अशा माणसाच्या हाती शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, तर त्याने निवडायचे तरी काय?

जनतेला विचारले की ती नकार देते, हा अनुभव या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांना नवा नाही. ॲरिझोना राज्यात २०१८ साली अशीच योजना मतदारांनी सुमारे ६५ टक्के मतांनी उडवून लावली होती. चारच वर्षांनी, २०२२ मध्ये, तेथील विधिमंडळाने त्याहून व्यापक कायदा करून टाकला. राज्यातील कोणत्याही मुलाच्या पालकाला, मग तो लक्षाधीश का असेना, वर्षाला साधारण ७,००० डॉलर सरकारी तिजोरीतून मिळू लागले. प्रारंभी आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले राज्यातील सार्वजनिक शाळेत कधी नोंदलेलीच नव्हती, हे राज्याच्या शिक्षणखात्यानेच सांगितले. म्हणजे ज्यांनी आपली निवड स्वतःच्या खर्चाने केव्हाच करून ठेवली होती, त्यांचे बिल आता सर्वांनी भरावयाचे. शिवाय खासगी शाळा कोणाला घ्यावे व कोणाला परत पाठवावे हे स्वतः ठरविते. अपंग मुलाला, अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला दार बंद करण्याची मोकळीक तिला असते. तेव्हा निवड पालक करतो की शाळा, हा प्रश्न विचारावाच लागतो.

या कल्पनेचे जनकत्व मिल्टन फ्रीडमन यांच्याकडे जाते. १९५५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे मांडले की, सरकारने शिक्षणाला पैसा पुरवावा, पण शाळा चालवू नयेत. पालकांच्या हाती व्हाउचर द्यावे आणि शाळांनी बाजारात स्पर्धा करावी. (त्याच वर्षी हे गृहस्थ भारत सरकारलाही आर्थिक धोरणाविषयी एक टिपण देऊन गेले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही, हे आपले भाग्य.) वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविणारा ब्राऊन खटल्याचा निकाल आदल्याच वर्षी लागलेला होता. दक्षिणेतील राज्ये तो निकाल चुकविण्यासाठी हीच युक्ती वापरू पाहत आहेत, हे फ्रीडमन यांना ठाऊक होते. निबंधाला जोडलेल्या दीर्घ तळटीपेत त्यांनी त्याचा ऊहापोह केला आहे. सक्तीचा वर्णभेद नको तसे सक्तीचे एकत्रीकरणही नको, पालकांवर सोडावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पालकांवर सोडल्यावर काय घडते, हे व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने दाखवून दिले. १९५१ साली येथील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या दुर्दशेविरुद्ध संप पुकारला होता आणि त्यांचा दावा ब्राऊन खटल्यात समाविष्ट होता. एकत्र शाळा चालविण्याऐवजी १९५९ मध्ये परगण्याने सर्व सार्वजनिक शाळांना कुलुपे ठोकली. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. तिला आधी देणग्यांचा आणि पुढे राज्याच्या अनुदानाचा टेकू मिळाला; अशा शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात सवलतही देण्यात आली. दीड हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मुले पाच वर्षे सार्वजनिक शाळेविना राहिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडावयास लावल्या. जी मुले १९५९ मध्ये दहा वर्षांची होती, ती तोवर पंधरा वर्षांची झाली होती.

हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत सर्वांसाठी सार्वजनिक शाळा उभ्या राहिल्या त्या यादवी युद्धानंतर, आणि त्यांत नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांच्या आग्रहाचा वाटा मोठा होता. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात हे साधार मांडले आहे. नेमक्या त्याच वर्षांत, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती.

परंतु व्हाउचरचा सारा इतिहास गोऱ्यांच्या कारस्थानाचा, असे म्हणून मोकळे होणे हा आळस ठरेल. १९९० साली मिलवॉकी शहरात सुरू झालेल्या योजनेच्या प्रणेत्या पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय, डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार होत्या. जेसी जॅक्सन यांच्या प्रचाराची धुरा त्यांनी राज्यात वाहिली होती. वर्षानुवर्षे सडलेल्या शाळांत मुले पाठवून थकलेल्या गरीब आयांचा संताप त्यांच्यामागे होता. त्यांची योजना केवळ अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होती. पुढे उत्पन्नाची मर्यादा उठविण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्याच विल्यम्स विरोधात उभ्या राहिल्या. गरिबांच्या नावाने दार किलकिले करावे आणि मग त्यातून श्रीमंतांची वरात आत न्यावी, हा प्रकार त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला. तरीही त्या आयांचा संताप खोटा नव्हता. त्याला शिक्षक संघटनांनी व पुरोगाम्यांनी धड उत्तर दिले नाही, हेही खोटे नाही.

उत्तर पैशापाशी आहे. अमेरिकेत शालेय खर्चातील संघराज्याचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेला भार राज्ये आणि स्थानिक संस्था वाहतात, आणि स्थानिक उत्पन्न मुख्यतः मालमत्ता करातून येते. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात १९६७-६८ साली एजवूड या मेक्सिकन वस्तीतील शाळा-जिल्ह्याचा कर दर शंभर डॉलर मालमत्तेवर १.०५ डॉलर होता. त्यातून स्थानिक वाटा निघाला विद्यार्थ्यामागे २६ डॉलर. जवळच्याच श्रीमंत अलामो हाइट्समध्ये कर ८५ सेंट, आणि वाटा ३३३ डॉलर! गरिबाने अधिक दराने कर द्यावा आणि बारापट कमी घ्यावे, अशी ही व्यवस्था. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज या कामगाराने व इतर पालकांनी तिला आव्हान दिले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे सांगितले. ब्राऊन खटला लढविणारे थर्गुड मार्शल आता न्यायाधीश होते. त्यांनी सविस्तर भिन्नमत नोंदविले.

त्यानंतर अर्धशतक सुधारणांचा सुकाळ झाला. १९८३ चा धोक्याची घंटा वाजविणारा अहवाल आला. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल परीक्षेत प्रवीण करून दाखवण्याची आज्ञा देणारा २००२ चा कायदा आला आणि २०१५ मध्ये तो गुंडाळलाही गेला. कराचा पाया मात्र कोणी फारसा हलविला नाही. आता त्याच टेक्सासने मे २०२५ मध्ये खासगी शिक्षणासाठी १ अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. जुलै २०२५ च्या संघराज्याच्या कायद्याने २०२७ पासून शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यास १,७०० डॉलरपर्यंत पूर्ण करसवलत देऊ केली. ती स्वीकारायची की नाही, हे राज्यांनी ठरवायचे आहे. प्रिन्स एडवर्डची सवलत चौथाईपर्यंतच होती.

सार्वजनिक शाळा आहे तशी वाचवा, एवढीच घोषणा घेऊन यापुढे कोणाही गरीब आईकडे जाता येणार नाही. पेनसिल्व्हेनियातील सहा शाळा-जिल्ह्यांनी, पालकांनी व संघटनांनी २०१४ मध्ये राज्याच्या निधिवाटपाविरुद्ध दावा गुदरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते वाटप राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविले, आणि २०२४ च्या अंदाजपत्रकात कमी पडणाऱ्या शाळांसाठी सुमारे ५० कोटी डॉलरचा पहिला हप्ता आला. मोजलेली तूट साडेचार अब्जांची आहे.