घरात फोन, पण हातात?

मैत्रिणींनो, घरी मोबाईल आहे का, असं कुणी विचारलं की आपण चटकन ‘हो, आहे ना!’ म्हणतो. विचारणाऱ्याच्या कागदावर आपलं अख्खं घर ‘जोडलेलं’ म्हणून लागतं. पण तो फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो, ते कागदावर येत नाही.

कोणता देश या बाबतीत पुढे, कोणता मागे, हे जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना मोजते. तिनं २००९ साली त्यासाठी एक निर्देशांक काढला. त्यात तीन गोष्टी धरल्या होत्या : सोय किती, वापर किती आणि येतं किती. नुसती सिमकार्डं मोजली तर फसगतच व्हायची. एकाकडे दोन कार्डं, दुसरीकडे एकही नाही. सरासरी मात्र माणशी एक!

आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना वेगळं विचारलं, म्हणून खरं चित्र दिसलं. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका महाराष्ट्रात शंभरात ३८. पुरुष साठाच्या वर. म्हणजे दरी दोन देशांतच असते असं नाही, एका छपराखालीही असते.

ती महाग कशी पडते पाहा. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये बाईच्या नावाचे. पण २०२५ मध्ये ई-केवायसी आली, आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर. तो फोन घेऊन घरधनी पैनगंगेपलीकडे कामाला गेलेला असला, तर झरीतल्या बाईनं करायचं काय?

तेव्हा आज स्वतःलाच विचारा : माझ्या आधारला कुणाचा नंबर आहे? फोन रोज माझ्या हाती किती वेळ असतो? बँकेचा संदेश मला एकटीला वाचता येतो का?

उत्तर ‘नाही’ आलं तर आधार केंद्रात जाऊन आपला नंबर जोडून घ्या. संदेश वाचायला मुलीकडून शिका, त्यात लाज कसली! ओटीपी मात्र फोनवर विचारणाऱ्या कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा.

आणि हो, पोडावरून बाजाराला येणारी ओळखीची बाई असेल, तर तिलाही हे तीन प्रश्न विचारा.